अनुभव धागा: न मागता मिळालेली प्रसिद्धी

वृषाली_नौपाडा

शाळा-कॉलेजच्या वयात तुमचा एखादा व्हिडिओ, फोटो किंवा तोंडून गेलेलं एखादं वाक्य हजारो अनोळखी लोकांपर्यंत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसावं लागलं, असं तुमच्या बाबतीत घडलं असेल तर इथे लिहा. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळींना खास आग्रह, कारण आपल्याकडे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. ऐरोलीत काढलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो.

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. अशी मुलं माझ्यापर्यंत येतात तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच घडून गेलेली असते. घरातल्या कुणीतरी विचारलेलं असतं, "पण तू टाकलंसच कशाला?" त्यानंतर मूल पुढचं काही सांगत नाही. बऱ्याच वेळा त्याने काही टाकलेलंही नसतं. २००३ साली कॅनडातल्या एका शाळकरी मुलाची स्वतःपुरती काढलेली टेप वर्गातल्या मुलांनी परस्पर इंटरनेटवर चढवली आणि तो जगभर हसण्याचा विषय झाला. तेव्हा फेसबुक आणि यूट्यूब दोन्ही नव्हते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेल्या मुलीचा फोटो पेपरांत छापून आला आणि लोक तिच्या मार्कांऐवजी चेहऱ्यावरच्या केसांबद्दल बोलत बसले. त्या मुलीने काय करायला नको होतं? अभ्यास?

म्हणून लिहिताना काय घडलं एवढ्यावर थांबू नका. त्या पहिल्या दिवसांत जवळच्या माणसांनी काय केलं, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे लिहा. नावं, शाळा, चॅनेल नकोत. व्हिडिओची लिंक कुणीही देऊ नये. लिहिणारा कोण ते ओळखू आलं तरी इथे बोलून दाखवू नये.

हार्बरवाला

फेब्रुवारी २०१९. बारावीचा इंग्रजीचा पेपर देऊन बाहेर पडलो तर गेटवर एक जण माइक घेऊन उभा. "कसा होता पेपर?" मी म्हटलं, "पॅसेज बरा होता हो, पण रायटिंग स्किलला सगळं ब्लँक झालं. आता बाबा घरात घेतायत का बघू." बोलताना रडू येत होतं आणि ते लपवायला मी हसत होतो, त्यामुळे आवाज चिरकला. तोच चिरकलेला तुकडा कापून त्याला डीजेचा ठेका लावला कुणीतरी. आठवडाभरात माझ्या आवाजावर अनोळखी लोक ओठ हलवत होते. कुणी बायकोला, कुणी बॉसला, कुणी कुत्र्याला म्हणतोय, "घरात घेतायत का बघू."

बाबांची रिक्षा आहे ऐरोलीत. स्टँडवर त्यांना रोज विचारायचे, "काय मग, घेतलं का घरात?" मला हे कळलं तेव्हा बाबांना तोंड कसं दाखवू असं झालं होतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "चल, पुढे बस." स्टँडवर रिक्षा लावली. नेहमीप्रमाणे कुणीतरी विचारलंच. बाबा म्हणाले, "पोरगा माझाय, घरातच आहे. नंबर कुणाचा आहे आता?" एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यानंतर स्टँडवर तो विषय कुणी काढला नाही.

कॉलेजात तेवढं सोपं गेलं नाही. एफवायला ठाण्यात ॲडमिशन घेतलं. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावर कुणाच्या तरी फोनवर तो तुकडा वाजायचा. सर हसायचे, मग मीही हसायचो. जोराने हसलं की लवकर थांबतात असा माझा समज होता. थांबत नाहीत. त्यांना परवानगी मिळाल्यासारखं होतं.

आतेभावाने यूट्यूबकडे प्रायव्हसीची तक्रार केली. तिथे व्हिडिओ टाकणाऱ्याला आधी ४८ तास दिले जातात, मग यूट्यूब स्वतः बघतं. मूळ व्हिडिओ गेला. त्याआधी मी त्या चॅनेलवाल्याला हात जोडून मेसेज केला होता, तर उत्तर आलं, "भावा, फेमस झालास, एन्जॉय कर." ठेका लावलेला तुकडा मात्र चालूच राहिला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि एक-दोन दिवसांत माझ्या आवाजावरचे तिथले सगळे व्हिडिओ एकदम गेले. आजूबाजूचे लोक हळहळत होते, मी खूप दिवसांनी गाढ झोपलो. पण सरकार दर वेळी एखादं ॲप बंद करेल म्हणून कुणी वाट बघू शकत नाही.

मधुरा_कोपरखैरणे

हार्बरवाला, मी त्याच टिकटॉकवर होते. तुझ्यासाठी ते बंद होणं सुटका होती. माझं तिथे बरं चाललं होतं आणि तरी माझीही सुटकाच झाली.

दहावीत होते. ताई व्हिडिओ काढायची, मी नाचायचे. आमचं घर माथाडी वसाहतीतलं, एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यामुळे नाचायला जागा म्हणजे मांडणीसमोरची. मे २०२० मध्ये टिकटॉकवाल्यांची टर उडवणारे व्हिडिओ यूट्यूबवर जोरात चालले होते. त्यातल्या एकाने माझा नाच घेतला. नाचाबद्दल तो दोनच वाक्यं बोलला. बाकी सगळा वेळ माझा रंग, माझ्या मागची स्टीलची भांडी, दोरीवर वाळत घातलेला आईचा गाऊन. खाली हजारो कमेंट. "आधी घर घे मग नाच." "डबे मोजले का कुणी?" लॉकडाऊनमुळे शाळा बंद होती म्हणून वाचले असं लोक म्हणतात. पण मी दिवसभर त्याच मांडणीसमोर बसून त्या कमेंट वाचत होते.

दुसऱ्या दिवशी उठले तर आईने मांडणीवर जुनी चादर टाकली होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. सगळ्यात जास्त मला ते लागलं.

आत्या शेजारच्या लेनमध्ये राहते. ती तांदूळ द्यायला आली, चादर बघितली, ओढून काढली आणि आईला म्हणाली, "वहिनी, भांडी काय चोरीची आहेत?" मग मला म्हणाली, "आणि तू गं, दाखव काय नाचलीस ते." मी नाचले नाही. पण ती जेवण होईपर्यंत थांबली, आणि घरात त्या विषयावर मोठ्याने बोलणारी ती पहिली होती.

उपयोग कशाचा झाला ते सांगते. ताईने माझा फोन घेतला. हिसकावून नाही, मला म्हणाली, "कमेंट मी वाचते, तुला कळायला हवं ते मी सांगेन." तिने आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, तारीख आणि लिंक दिसेल असे, मगच रिपोर्ट करायला घेतलं. आधी डिलीट करून टाकलं असतं तर हातात काही राहिलं नसतं. व्हिडिओ तिने काढलेला असल्यामुळे कॉपीराइट तिचा होता. त्या आधाराने जसाच्या तसा उचललेल्या व्हिडिओंच्या प्रती काढून टाकता आल्या. टर उडवणारा व्हिडिओ मात्र राहिला, कारण त्यात तो माणूस मध्ये मध्ये बोलत होता आणि टीका म्हणून त्याला सूट मिळाली. तो अजूनही आहे. मी शोधत नाही.

नाच सोडला नाही. नवरात्रात वसाहतीच्या मंडळात असतेच.

तलावपाळी

माझं छोटं आहे. दिवाळी पहाट, राम मारुती रोड, मी अकरावीत. ठाण्यातल्या कुणालाही ती गर्दी सांगायला नको. सगळे नटून आलेले असतात, सगळे फोटो काढत असतात. एकाने मला न सांगता स्लो मोशनमध्ये शूट केलं, वर एक घाणेरडं वाक्य लिहिलं आणि टाकलं. मी आणि मैत्रिणी मिसळ खात होतो तोवर ते आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलं होतं.

घरी कळल्यावर माझं क्लासशिवाय बाहेर जाणं बंद झालं. ब्लाउजची पाठ मोजली गेली. व्हिडिओ काढणारा कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या बाबतीत कुणी उठून उभं राहिलं नाही, व्हिडिओ आपोआप मागे पडला. मी अजूनही दिवाळीत त्या रस्त्याला जात नाही. मला राग व्हिडिओवाल्याचा नाही एवढा घरच्यांचा आहे, आणि तो गेलेला नाही.

वृषाली_नौपाडा

@तलावपाळी, राग जायलाच हवा असं काही नाही. लिहिलंस हे फार बरं केलंस.

नेरुळची_आई

मुलगा तेव्हा आठवीत. सोसायटीच्या गणपतीत त्याने लावणी केली. मनापासून, तयारी करून, आजीची नऊवारी बेतून घेऊन. पारितोषिकही मिळालं. समितीतल्या एकाने त्याचं रील केलं आणि खाली हसण्याच्या इमोजी टाकल्या. दोन दिवसांत ते शाळेच्या व्हॅनमध्ये पोचलं. मुलं त्याला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही, मुलगा वाचतो हा धागा.

सकाळी पोट दुखायला लागलं. रोज. शुक्रवारी रात्री बरं, रविवारी संध्याकाळपासून परत. डॉक्टरांना काही सापडलं नाही तेव्हा मला संशय आला आणि मी व्हॅनवाल्या काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं. त्या माणसाचे मी आजही आभार मानते, कारण त्याने "मुलं मस्ती करतात हो" असं म्हणून विषय संपवला नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या समितीवाल्यांच्या घरी गेले. वहिनींनी पाणी आणलं. मी म्हटलं, "पाणी नंतर, आधी रील काढा. मी इथेच बसते." ते म्हणाले, "अहो, कौतुकानेच टाकलं होतं." मी म्हटलं, "मग कौतुक राहू दे, रील काढा." माझ्यासमोर काढलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, की कुठल्याही मुलाचा व्हिडिओ त्याच्या आईबाबांना विचारल्याशिवाय बाहेर टाकायचा नाही. काहींनी अंगठे दिले, काहींनी ग्रुप सोडला. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो नियम म्हणून आला, तेव्हा बाजूने हात वर करणाऱ्यांत हे समितीवालेही होते.

शाळेत मला सांगितलं गेलं, "थोडे दिवस घरी ठेवा, शांत झालं की पाठवा." मी नाही ऐकलं. त्रास देणारे वर्गात आणि माझा मुलगा घरी, हा कुठला न्याय? व्हॅन बंद केली, त्याचे बाबा ऑफिसला जाताना सोडायला लागले. इन्स्टाग्रामवर त्रास देणाऱ्या मुलांना त्याने ब्लॉक केलं नाही, कारण ब्लॉक केलं की वर्गात त्यावरून नवीन सुरू व्हायचं. "रिस्ट्रिक्ट" केलं. त्यात समोरच्याला कळत नाही. त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसत राहते.

तरी पोटदुखी थांबेना. मग आम्ही समुपदेशनासाठी ठाण्याला जायला लागलो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आय. पी. एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेबद्दल मला माहेरपासून माहिती होतं, त्यामुळे कुठे जायचं याचा विचार करावा लागला नाही. शनिवारी दुपारची पनवेल-ठाणे गाडी पकडायची. तिथे आत काय बोलायचा ते मी विचारायची नाही. येताना स्टेशनबाहेर वडापाव खायचा आणि गाडीत झोपायचा. पोटदुखी कमी व्हायला बरेच महिने गेले. घाई करू नका एवढंच इतर आयांना सांगेन.

आता तो अकरावीत आहे. नाचतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी सूत्रसंचालकाला स्वतः जाऊन सांगतो, "माझ्या वेळी मोबाइल खाली ठेवायला सांगा." बहुतेक लोक ठेवतात.

घणसोलीकर

धाकट्या बहिणीचं लिहितोय, तिला विचारून.

तिने काही केलेलं नव्हतं. शाळेच्या निरोप समारंभातला साडीतला फोटो होता, चार मैत्रिणींबरोबर. कुणीतरी त्यातला तिचा चेहरा घेऊन एआयने खोटे फोटो बनवले, तिच्या नावाचं खोटं अकाउंट उघडलं आणि गावातल्या, नात्यातल्या पोरांना रिक्वेस्ट पाठवल्या. आमचं गावठाण म्हणजे सगळी घरं एकमेकांना लागून. एका घरात कळलं की दहा घरांत कळतं.

माझ्या डोक्यात एकच होतं, पोरगा शोधायचा आणि फोडायचा. मित्र तयार होते. आजी ओट्यावर बसली होती, ती म्हणाली, "तू आत गेलास तर तिला ठाण्यात कोण घेऊन जाईल?" ठाण्यात म्हणजे पोलीस ठाण्यात. मग काका, मी आणि बहीण, तिघं गेलो.

त्याआधी रात्रीच १९३० ला फोन केला होता, पण ती मुख्यतः पैशांच्या फसवणुकीची हेल्पलाइन आहे. आमच्यासारख्या बाबतीत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल जास्त कामाचं. महिला आणि मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार तिथे स्वतःचं नाव न देताही करता येते, हे मला आधी माहीत नव्हतं. ठाण्यात पहिला माणूस म्हणाला, "अकाउंट बंद करून टाका, विषय संपेल." काकांनी शांतपणे सांगितलं, मुलगी १८ वर्षांखालची आहे, हे पोक्सोत, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात येतं, लिहून घ्या. मग एक महिला अधिकारी आल्या. त्यांनी बहिणीला खुर्ची दिली, आम्हाला दोघांना बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्यावर ती त्या दिवसात पहिल्यांदा म्हणाली, "भूक लागलीये."

फोटो हटवण्यासाठी आम्ही तीन ठिकाणी गेलो. ज्या ॲपवर होते तिथे तक्रार. मग "टेक इट डाउन" नावाची अमेरिकेतली मोफत सोय आहे, १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच त्यांच्याकडे जातो, त्यावरून सहभागी कंपन्या फोटो ओळखून काढतात. आणि गूगल. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो सर्चमधून काढायची विनंती मूल किंवा पालक करू शकतात, २०२१ पासून.

एक विनंती. नातेवाइकांनी "बघा काय चाललंय" म्हणून ते फोटो आमच्याच घरच्या ग्रुपवर टाकले होते. पुरावा पोलिसांना दाखवायचा असतो. काकू-मावश्यांना पाठवणं म्हणजे तेच फोटो परत वाटणं.

करणारा सापडला. कोण ते लिहीत नाही. केस चालू आहे.

वृषाली_नौपाडा

घणसोलीकरांच्या लिहिण्याला दोन गोष्टी जोडते. नग्न किंवा चेहरा जोडून बनवलेले खोटे फोटो तक्रार आल्यापासून २४ तासांत हटवण्याची जबाबदारी २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर टाकली, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती मुदत दोन तासांवर आली. तक्रारीत नियमाचा उल्लेख करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. दुसरं, कुणी तुम्हाला आयटी कायद्याचं "६६अ लावा" असं सांगितलं तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. खासगी अंगाचे फोटो परवानगीशिवाय काढले किंवा पसरवले तर ६६ई आहे, ओळख चोरली तर ६६सी, आणि मूल असेल तर पोक्सो.

कळव्याचे_सर

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वक्तृत्व स्पर्धेत आमचा एक विद्यार्थी अडखळला, त्याचा व्हिडिओ फिरला. शिक्षकांना एकच सांगणं आहे. ज्याचा व्हिडिओ आहे त्याला वर्गात उभं करून "याला कुणी चिडवायचं नाही" असं जाहीर करू नका. त्या मुलाला ते दुसऱ्यांदा स्टेजवर चढवल्यासारखं होतं. मी व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या मुलांना एकेकटं बोलावलं आणि विचारलं, तुझ्याकडे कुणाकडून आला, तू कुणाला पाठवलास. कागदावर नावं लिहीत गेलो. पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत येईतो सगळ्यांना आपलं नाव त्या कागदावर दिसायला लागलं होतं. ओरडावं लागलं नाही.

उपवनकर

माझी प्रसिद्धी चांगली होती म्हणून इथे लिहू की नको असं वाटत होतं. दहावीला १०० टक्के. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव गुण धरून, ते मी कधी लपवलं नाही. नगरसेवकांनी चौकात बॅनर लावला, त्यावर त्यांचा फोटो मोठा आणि माझा खाली गोलात. न्यूज पेजवर बातमी आली आणि कमेंटमध्ये सुरू झालं. "चित्रं काढून शंभर." "चष्मा बघ." "बघू बारावीला काय दिवे लावते."

अकरावीत युनिट टेस्टला फिजिक्समध्ये नापास झाले तेव्हा तो बॅनर अजून होता, पावसाने एक कोपरा सुटलेला. क्लासला जाताना रोज त्याखालून जायचे. बाबांनी स्वतः जाऊन नगरसेवकांना विनंती करून तो उतरवला. त्यांना वाटलं आमचं काहीतरी राजकारण आहे. बाबा म्हणाले, "साहेब, पोरीला अभ्यास करू द्या." बारावीला मला ठीक मार्क पडले, आणि ते मी कुठेही सांगितलेले नाहीत. इथेही सांगणार नाही.

नवीन_सदस्य

आजच नाव नोंदवलं. आम्ही ऐरोलीला असतो. माझ्या मुलीचा व्हिडिओ परवापासून फिरतोय, नववीत आहे. वाईट काही नाही, स्नेहसंमेलनात पडली त्याचा आहे, पण खाली जे लिहिलंय ते वाचवत नाही. काल शाळेत गेली नाही. जेवत नाहीये. मिस्टर म्हणतात दुर्लक्ष कर. काय करू?

वृषाली_नौपाडा

आत्ता तिच्याजवळ कुणीतरी थांबा, तिला एकटं ठेवू नका. तिच्याशी व्हिडिओबद्दलच बोलायला हवं असं नाही. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. शाळेला आजच लेखी कळवा, फोनवर नको. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

मधुरा_कोपरखैरणे

तिचा फोन तुम्ही सांभाळा, तिला विचारून. रिपोर्ट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. व्हिडिओ कुणी काढला ते माहीत आहे का? ओळखीतल्या पालकाने काढला असेल तर त्याच्या घरी जा, नेरुळच्या आईंसारखं.

नवीन_सदस्य

हो, वर्गातल्याच एका मुलीच्या आईने. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे.

नेरुळची_आई

फोन करू नका, जा. एकटीने जायला नको वाटत असेल तर मी येते, ऐरोली काही लांब नाही. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. आज सहानंतर मी मोकळी आहे.